मागच्या खोलीतला फोन

‘फोन लागत नाही’ हे वाक्य जगदाळे आप्पांसमोर बोलायची सोय नाही. ते लगेच विचारतात, "कुठवर गेला?"

त्यांच्या मते फोन म्हणजे निरोप घेऊन धाडलेला माणूस. तो टेबलावरून निघतो, भिंतीवरच्या पेटीत येतो, पेटीतून बाहेरच्या लाइनवर चढतो आणि मग गावे मागे टाकत पोहोचतो. पोहोचला नाही, तर वाटेत कुठेतरी अडकला असणार. तेवढी जागा शोधायची. माणसांनाही ते हीच पद्धत लावतात. एकदा कऱ्हाडची मंडळी ठरल्या वेळेला आली नाहीत. सगळे त्यांना नावे ठेवत होते, आप्पांनी फक्त एवढेच विचारले, की त्यांना एष्टीत चढताना कुणी बघितले होते का.

सांगलीत विश्रामबागेत आमचे वधू-वर सूचक केंद्र आहे. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी इथे परिचयपत्रे लिहितो. आप्पा साताऱ्याकडचे, सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते. वय एकसष्ट. पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली. केंद्रातले चार फोन, बाहेर जाणाऱ्या दोन लाइनी आणि त्यांना जोडणारी पेटी हे त्यांचे खाते. रोज सकाळी ते पेटीवर तळहात ठेवतात. ताप बघतात, असे सुरेखाताईंचे म्हणणे. स्थळांना फोन करण्याचे काम सुरेखाताईंकडे असल्याने ‘कुठवर गेला’ला सर्वांत जास्त वेळा त्यांनाच उत्तर द्यावे लागते.

केंद्राचे नियम कडक आहेत. मुलीकडचा नंबर मुलाकडच्यांना द्यायचा नाही आणि आमच्या मोबाइलवरूनही लावायचा नाही. फोन केंद्रातूनच करायचा, लागोपाठ तीन दिवस. तिन्ही दिवस उचलला नाही तर नोंदवहीत ‘नकार’ लिहून स्थळ बंद.

जानेवारीत एका जवानाची आई सातारा तालुक्यातून येऊन केंद्रात बसली. मुलगा रजेवर आला होता आणि रजा रविवारी संपत होती. आटपाडीची एक मुलगी परिचयपत्रावरून दोघांनाही पसंत पडली होती. सुरेखाताईंनी दोन दिवस फोन केला. रिंग वाजे, कुणी उचलत नसे. आज तिसरा दिवस होता.

"आवं, नको असंल तर नको म्हणत्याल की," जवानाची आई म्हणाली. "पोरगं पुन्यांदा वरीसभर येत न्हाई."

सुरेखाताईंनी तिसऱ्यांदा फोन लावला, मिनिटभर वाट पाहिली आणि नोंदवही पुढे ओढली. आप्पांनी वहीवर हात ठेवला. फोन चालू ठेवायला सांगून ते पेटीपाशी गेले. पेटीवर बाहेरच्या लाइनींचे दोन दिवे आहेत. फोन बाहेर पडला की त्यातला एक लागतो. रिंग वाजत होती आणि दोन्ही दिवे बंद होते.

"गडी आजून गावाभाईर पडलाच न्हाई," आप्पा म्हणाले.

मग ते पेटीतून निघालेली एकेक वायर बोटांत धरून, भिंतीच्या कडेने, प्रसंगी गुडघ्यांवर चालू लागले. शेवटची वायर मागच्या खोलीत जात होती. तिथे मेळाव्यांचे जुने फलक आणि बंद झालेल्या स्थळांचे गठ्ठे ठेवतो. आप्पांनी आत जाऊन दार लावून घेतले. काही वेळाने सुरेखाताईंचा चेहरा उजळला.

"नमस्कार, केंद्रातून बोलतेय," त्या म्हणाल्या. "मुलीचे वडील का?"

"न्हाई," पलीकडून उत्तर आले. "आप्पा. मागच्या खोलीतनं."

झाले होते ते असे. पूर्वी बाहेर फोन करताना आधी शून्य दाबावे लागे. सुरेखाताई ते विसरत, म्हणून आप्पांनी दसऱ्याला शून्याची भानगडच काढून टाकली होती. आमच्या आतल्या फोनांचे नंबर सातने सुरू होतात. शून्य गेल्यापासून सातने सुरू होणारा कुठलाही नंबर पेटी आतलाच धरी आणि आतला नेमका कुठला ते न कळल्यामुळे शेवटच्या फोनवर टाकी. तो फोन गठ्ठ्यांच्या खाली दबलेला होता, त्याची घंटी बाहेर ऐकू येत नसे.

आप्पा बाहेर येऊन ताठ उभे राहिले. "चूक माझी. लिवून घ्या."

शून्य परत बसवले. आटपाडीचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. मुलीचे वडील तीन दिवस आमच्याच फोनची वाट पाहत होते. शुक्रवारी पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि शनिवारी सुपारी फुटली.

दसऱ्यापासून सातने सुरू होणाऱ्या एकवीस नंबरांपुढे ‘नकार’ लिहिलेला होता. आप्पांनी त्यांची यादी केली आणि सोमवारची सुट्टी सोडून मंगळवारी स्वतः फोन करायला बसले. प्रत्येकाला तीच वाक्ये : तुमी नकार दिला न्हाई, आमचा फोनच आला न्हाई, माफी असावी. काही मुलींची लग्ने ठरून गेली होती. चारजणांनी स्थळ पुन्हा मागितले. एका गृहस्थांनी पंधरा मिनिटे सुनावले. आप्पांनी ते सगळे ऐकून घेतले.

संध्याकाळी सुरेखाताईंनी यादीवरच्या खुणा मोजल्या. वीस होत्या.

"एक राहिलाय, आप्पा."

"त्यो ऱ्हाऊ द्या."

सुरेखाताईंनी उरलेल्या नंबरावरून पुनर्विवाहाची वही काढून माझ्यापुढे सरकवली. साताऱ्यातल्या एक निवृत्त परिचारिका, वय छपन्न. त्यांच्यासमोर स्थळ म्हणून आप्पांचे स्वतःचे नाव होते. खाली आप्पांचेच अक्षर : तीन दिवस फोन केला, नकार. तारीख नोव्हेंबरची होती. केंद्रात कुणाला याचा पत्ता नव्हता.

सुरेखाताईंनी शून्य दाबले, नंबर फिरवला आणि रिसीव्हर आप्पांच्या हातात दिला. आम्ही दोघे दारापर्यंत गेलो. बाहेर मात्र गेलो नाही.

आप्पांनी नाव सांगितले, गाव सांगितले, ती तीन वाक्ये म्हटली. मग बराच वेळ ऐकत राहिले.

"व्हय, मीच," ते म्हणाले. "तीनदा केल्ता." पुन्हा ऐकले. "मलाबी तसंच वाटलं वतं."

पलीकडून काहीतरी विचारले गेले. आप्पांनी मान हलवली. ती तिकडे दिसणार नाही हे बहुधा थोड्या वेळाने ध्यानात आले.

"सोमवारी मोकळा हाय," ते म्हणाले. "न्हाई, आदी फोन नको. मी सोताच येतो."