रोज थोडी पुढे मरणारी घोरपड

मी कोणाच्या बापाला भीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भुताला नाही, देवाला नाही, खाणीच्या मॅनेजरला तर बिलकुल नाही! आमच्या बापानं छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून नाल्यात सोडले, तेव्हाच भीतीही सोडली. दर रविवारी विहारात अंधश्रद्धेवर माझं भाषण असतं. समोरचे लोक डोळे मिटतात, त्याला मी ध्यान समजतो.

साल पंच्याऐंशी, मे महिना. कोरपन्याच्या बाजूच्या चुनखडीच्या खाणीत मी फिटर होतो. झिंगू तिथं ड्रिलवर हेल्पर. ज्या टेकडीखाली त्याचं गाव, तीच टेकडी फोडायचं काम कंपनीनं त्याला दिलेलं. ह्याला म्हणतात विकास!

एका सोमवारी तो पळसाची पानं झाकलेली टोपली घेऊन दारात उभा. पानं बाजूला केली तर आत घोरपड! हाताएवढी लांब, मागचा पाय सुजलेला.

"सुरुंगात सापडली, श्रावणभाऊ. टेकडीवरचं हेच एक जितं राह्यलं. लेबर शेडमंधी ठेवली तर लोक रस्सा करतीन. आयतवारी नेतो आन् माणिकगडच्या डोंगरात सोडतो. तवरिक तुमच्या घरी ठेवा."

मी त्याला आत ओढून दार लोटलं. अख्ख्या टेकडीला सुरुंग लावायचा परवाना मिळतो आणि एक घोरपड घरात ठेवली तर गुन्हा!

"जगंन ना, भाऊ?" त्यानं विचारलं. असं विचारलं की मी छातीवर हात मारला.

"अरे, राणीसारखी राहीन! काही झालं तर मले तोंड दाखवू नको म्हण!"

आता शेचाळीस डिग्रीत चंद्रपूरचा माणूस पाहुण्याला काय देतो? थंडावा! मी भंगारातला पत्रा आणि पंखा जोडून बनवलेला कूलर होता, वाळा लावलेला. त्याच्या अगदी तोंडासमोर ओलं पोतं अंथरलं, वरून दुसरं ओलं पोतं पांघरलं. दर तासाला तांब्याभर माठाचं पाणी तिच्या अंगावर. दूधपोळीही ठेवली. पोटच्या पोराचे असे लाड केले नसते!

ती दूधपोळीकडे पाहीना. दुसऱ्या दिवशी हालचालही बंद. बायको सत्यशीला म्हणाली, "हे तं मेल्यावानी दिसते."

"आराम करून राह्यली," मी म्हणालो.

बुधवारी दुपारी सत्यशीला तिच्या बालवाडीत गेलेली. माझी रातपाळी, म्हणून मी खाटेवर आडवा. बाराला लाईन गेली. कूलर घरघरून थांबला. पडदे ओढलेल्या खोलीत असा सन्नाटा पसरला की स्वतःचा घाम गळताना ऐकू यावा. आमच्याकडे भर दुपारी गल्लीत कुत्रंही नसतं. भुतांनी यायचं ठरवलं तर हीच वेळ सोयीची.

आणि खाटेखाली आवाज आला. खर्र... खर्र... खर्र.

नखांचा आवाज. सावकाश. पाय घासत कोणी खोली ओलांडावी तसा. मग एक लांब फूत्कार. मी डोळे घट्ट मिटून घेतले. (घाबरलो नव्हतो. एकाग्र होत होतो.)

दीडला लाईन आली. पुष्कळ वेळानं मी खाली पाहिलं. घोरपड पोत्यावर नव्हती. तीन हात पुढे पडली होती, पाय पसरून, ताठ. हात लावला तर थंडगार! मान उचलली तर लोंबली. एक डोळा उघडा आणि तो माझ्यावर.

तिला उचलून पुन्हा ओल्या पोत्यात गुंडाळलं, कूलरसमोर ठेवलं.

गुरुवारी तेच. लाईन गेली, खर्र खर्र. लाईन आली, पाहतो तर खिडकीच्या भिंतीशी मेलेली! शुक्रवारी खिडकीखालच्या पेटीवर चढून मेलेली! शेजारच्या केसरबाई ताक द्यायला आल्या, त्यांनी पाहिलं. ताकाची वाटी तशीच परत घेऊन दारापर्यंत मागं सरकल्या.

"श्रावणभाऊ, तोंड पाहा तिचं. टेकडीकडे आहे."

"मग?"

"हे रोज मरून राह्यली. पन रोज टेकडीकडे थोडी पुढं मरून राह्यली."

"केसरबाई, असल्या गोष्टीवर माझा विश्वास नाई!"

त्याच वेळी खाणीत दोनचा सुरुंग उडाला. भांडी थरथरली. आणि त्या मेलेल्या घोरपडीनं दुसरा डोळा उघडला.

केसरबाई गेल्या. वाटी उंबऱ्यात सांडून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दाराला बिब्बा-मिरची लटकली. माझ्या दाराकडे पाहून लोक पाठ फिरवत होते.

शनिवारी मला एक घास गेला नाही. भुताचं सोडा हो! उद्या झिंगू येणार होता. त्याची टेकडी गेली, आणि टेकडीचं जे एवढंसं राहिलं होतं ते त्यानं माझ्या हातात दिलं होतं. त्याला मी काय सांगू? राणी मेली, पण चालते?

रविवारी सत्यशीला विहारात गेली. भाषणाला मी का येत नाही म्हणाली, तर घसा धरला म्हणून सांगितलं. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी... आता लिहायलाच पाहिजे... शेगडी पेटवली, मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेतल्या आणि घोरपडीवरून सात वेळा ओवाळल्या! छप्पन सालचा माझा बाप वरून पाहत असता तर त्यानं मलाच नाल्यात सोडलं असतं. पण वर कोणी नसतं, हा त्यातल्या त्यात दिलासा.

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. धूर! डोळ्यांत, नाकात, मेंदूत! आणि नेमकी लाईन गेली.

खोकत शेगडीजवळच बसलो होतो. काही दिसत नव्हतं. खर्र... खर्र... आवाज माझ्याकडे येत होता. निखाऱ्यांपाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग माझ्या मांडीवर एक थंड पंजा पडला. मग दुसरा. मग पोटावर. मग खांद्यावरून पाठीवर! वीस नखं रुतली.

"मेलो!" म्हणून जो सुटलो तो थेट अंगणात. खांबासारखा उन्हात उभा. पाठीवर घोरपड! ओढावं तर कातडं निघतं. केसरबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावली. गल्लीत दारं धडाधड बंद झाली. मदतीला एक माणूस नाही!

किती वेळ गेला देव जाणे. (असं म्हणायची पद्धत आहे.) पाठीवरचं ओझं हळूहळू गरम झालं. कानाशी जीभ लपलपायला लागली. तेवढ्यात समोरून सत्यशीला आणि तिच्या मागं झिंगू. झिंगू थबकला. मग धावत आला. त्याचे डोळे भरलेले.

"भाऊ! हिले ऊन देऊन राह्यले! स्वतः उन्हात उभं राहून!"

"अं?"

"हे जात उन्हावर जगते. थंडी लागली का मेल्यावानी पडते, काही खात नाई, गारठूनच मरते. शहरच्या मानसाले हे कुठी मालूम! तुमाले कोनं सांगतलं?"

मी सत्यशीलेकडे पाहिलं. ती दारातून निघणाऱ्या मिरच्यांच्या धुराकडे पाहत होती.

"वाचनात आलं," मी म्हणालो.

"मंग हलू नका. लय थंडी बसली दिसते तिच्या अंगात. अजून दोन घंटे असेच राहा, का तिची गाडी रुळावर आली."

"दोन घंटे?"

"दोन. मी अंडं आनतो."

तो गेला. सत्यशीला माझ्याजवळ आली. वाटलं, सोडवते. तिनं पाठीवरच्या घोरपडीला नीट उन्हाकडे वळवलं आणि म्हणाली, "राहा उभे. वाचलं आहे ना?"

राहिलो. घोरपडीनं माझ्या खांद्यावर बसून दोन अंडी खाल्ली, मग आपणहून उतरली आणि झिंगूच्या टोपलीत तुरुतुरु गेली. माणिकगडच्या डोंगरात ती चांगली धडधाकट पळाली म्हणे.

मी तेव्हा दवाखान्यात होतो. कंपाउंडर सलाइनची दुसरी बाटली लावता लावता विचारत होता, "मे महिन्यात, भर बाराले, उघड्या अंगनात दोन घंटे? काय करून राह्यले होते, भाऊ?"

"दुसऱ्याची तब्येत सांभाळत होतो," मी म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं.