फटींचे वैरी शिरसाट मामा

आमच्या विक्रोळीच्या कारखान्यात नवे साहेब आले त्या दिवशी शिरसाट मामा एका नव्याकोऱ्या लोखंडी घरात भिंतीभिंतीवरून उदबत्ती फिरवत होते. साहेबांनी बिचाऱ्यांनी दारात बूट काढले, हात जोडले आणि मामांची फेरी पुरी झाल्यावर प्रसादासाठी ओंजळ पुढे केली.

"कसला प्रसाद?" मामा म्हणाले. "बाहेरून पंखा लावलाय. धूर हलला की समजायचं, तिथं फट आहे. बोट लावा इथं. वारं लागतंय का?"

साहेबांनी बोट लावलं. अनवाणीच.

मी तिथे ऑफिसात कागदपत्रं सांभाळते, बारा वर्षं झाली. आमच्याकडे डोंगरावरची घरं बनतात. जिथे वीट, वाळू, गवंडी काहीच पोचत नाही अशा पार हिमालयातल्या जागांसाठी. भिंती, छप्पर, दारं सगळं पोलादी पत्र्याचं, आत ऊब धरणारा फोम भरलेला. आवारात एकदा अख्खं घर उभं करून बघायचं, तुकड्यातुकड्यावर नंबर टाकायचे आणि मग सोडवून ट्रकवर चढवायचं. वर चार माणसांनी नंबर बघून बोल्ट आवळले की झालं घर. हे उभं करून बघणं मामांच्या ताब्यात. एका दिवसाचं काम ते चार दिवस करतात, आणि घाई कर म्हणणाऱ्याकडे असं बघतात की तो आपोआप चहाला निघून जातो.

मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, हा माणूस लोकरीचे हातमोजे घालून नट फिरवतो. का, तर वरचा माणूस हातमोजे घालूनच फिरवणार ना! एकदा त्यांनी कॅन्टीनच्या सुशीलाताईंना दार बसवायला लावलं. म्हणाले, "हिला न सांगता जमलं, तर वर कुणालाही जमेल." ताईंनी अर्ध्या तासात दार बसवलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही या, पोळ्या लाटा. बघू किती गोल होतात त्या." मामा दोन दिवस कॅन्टीनकडे फिरकले नाहीत.

मुलुंडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला मामांना बोलावलं. हॉल बघितला नाही, किचन बघितलं नाही, थेट बाल्कनीच्या सरकत्या काचेपाशी. कडेने बोट फिरवलं आणि तोंड पाडून मला बाजूला घेतलं. "पोरी, वाट लागली. इथनं वारं येतंय."

"वाऱ्यासाठीच तर घेतलाय हो मामा!" माझा नवरा म्हणाला. मामांनी त्याच्याकडे दयेने बघितलं. वर श्रीखंड दोन वाट्या खाल्लं, ते वेगळं.

घर बसवून पोरं परत आली की मामा त्यांना गेटवरच गाठायचे. घर कसं उभं राहिलं, हे कधी विचारणार नाहीत. "झोप लागली का रे? पाय गार पडले?" एवढंच. स्वतः मात्र इतक्या वर्षांत एकदाही वर गेले नव्हते. वर जायची ती तरणी पोरं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. जायचं म्हटलं असतं तर अडवायला घरी कोणी नव्हतं.

या वर्षी दोन दवाखान्यांची ऑर्डर आली. पहिला यंदाच जायचा होता, एका उंचावरच्या गावात. बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत आसपासच्या दिवस भरत आलेल्या बायका तिथे येऊन राहणार, सोबत एक नर्स. नेमका वर जाऊन घर बसवणाऱ्या टोळीचा मुख्य टायफॉइडने आडवा झाला आणि मामा साहेबांना म्हणाले, "मी जातो."

साहेब हो म्हणाले. मामांनी जाडजूड बूट आणले आणि ते सैल व्हावेत म्हणून दिवसभर आवारात धपधप चालत राहिले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि सरळ नाही म्हणून सांगितलं.

मामा तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "पोरी, हा आकडा जरा खाली आण ना. कोण बघतंय?"

"मामा, वर काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"मला एकदा आत बसून बघायचंय गं. बाहेर बर्फ आणि आत मी. एवढंच."

मी नाही म्हटलं. घरी जाऊन रडले, पण नाही म्हटलं. पोरं मामांशिवायच वर गेली, आणि पंधरा दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत.

सोळाव्या दिवशी वरून फोन आला. गावात जेमतेम रेंज, पोरगं ओरडत होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण जोडातली रबराची पट्टी बसत नव्हती. प्रत्येक जोडाला बोटभर फट, आणि नर्स दोन बायकांना घेऊन येऊनसुद्धा बसली होती.

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि कॅन्टीनकडे धावले. सुशीलाताईंच्या फ्रीजरमधले मटार बाहेर काढून त्यांच्या जागी तसलीच रबराची पट्टी कोंबली. तासाभराने काढली तर पट्टी काठीसारखी ताठ! "इथं उकाड्यात बसवून बघत राहिलो. चूक माझी," मामा म्हणाले. मग ती पट्टी त्यांनी बनियनच्या आत पोटाला गुंडाळली, शहारले, आणि दहा मिनिटांनी काढली. पट्टी मऊ.

"अंगाशी घ्या रे!" ते फोनवर ओरडले. "स्वेटरच्या आत! गरम झाली की लगेच बसवा, थांबू नका!"

दोन दिवस आमची चार पोरं हिमालयात पोटाला रबर बांधून वावरत होती. दुसरा दवाखाना आमच्या आवारात उभाच होता. मामा त्याच्या आत उपड्या बादलीवर बसून फोनवर एकेक जोड सांगत होते. मी शेजारी घाम पुसत उभी.

शेवटचा जोड बसला. मामा म्हणाले, "फोन आत ठेवा. दार लावा. कुणी बोलू नका." आणि उठून त्यांनी आमचंही दार लावलं.

आधी फोनमधून वाऱ्याची घरघर येत होती. ती एकदम थांबली.

"काहीच ऐकू येत नाही," मामा म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टेकडीवर आमची पत्र्याची खोली होती. आई फटीच्या बाजूला झोपायची, मला आत ढकलून. सगळं वारं तिच्या पाठीला. मला वाटायचं, तिला तिथंच आवडतं."

 

तिकडे नर्सने फोन उचलला. बायका आत आल्या होत्या, पलंग कुठे लावू म्हणून ती विचारत होती.

मामांनी घसा खाकरला आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत तिला सांगितलं, "दीवार को एकदम चिपका के लगाव, बेटी. जिधर मर्जी उधर. हवा नहीं लगेगा."