हातांवर बसणारा तांडेल

आमचे हरेश्वरभाऊ मीटिंगमध्ये स्वतःच्या हातांवर बसतात. खुर्ची असते, पण खुर्ची आणि भाऊ यांच्या मधे त्यांचे दोन्ही तळवे असतात. नव्या क्लायंटला वाटतं, यांना थंडी वाजतेय. डहाणूत, मे महिन्यात!

भाऊ पंधरा वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. इंजिनाच्या धडधडाटात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून तांडेल हाताने बोलतो. तळहात खाली केला की इंजिन हळू. मूठ वळली की थांबायचं. सगळी बोटं स्वतःकडे वळवली की जाळं ओढायचं. त्या इंजिनाने त्यांचा एक कान निकामी केला. पुढे बोट धाकट्या भावाकडे गेली आणि हे बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर झाले. कारखान्याच्या शहाशेठनी २०१४ साली वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरची छोटीशी कंपनी काढली, आणि आम्हा सहा जणांवर देखरेखीला भाऊंनाच वर पाठवलं. "हरेशभायला माणसं हाकता येते," शेठ म्हणाले. "कॉम्प्युटर काय, तुमी शिकवा."

भाऊंनी आम्हाला मनसोक्त हाकलं. दोन वर्षं आमच्या ऑफिसात कुणी स्वतःच्या मनाने फाइलला नावसुद्धा दिलं नाही. मूठ दिसली की सहा कीबोर्ड गप्प. खाली बर्फ फोडायचा आवाज आणि वर भाऊंचा; त्यात बर्फाचा जरा मंजुळ वाटायचा.

घरीही तीच तऱ्हा. एकुलती एक मुलगी रोहिणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, मला हे नको, मला कोसबाडला राहून पाड्यांवरच्या लहान मुलांना शिकवायचंय. भाऊ गरजले, "या घरात मी सांगेन तेच होणार!" तिने पिशवी भरली आणि ती गेली. कोसबाड आमच्यापासून अर्ध्या तासावर, पण ती घरी आली नाही. आईला बाजारात भेटायची, सुके बोंबील घ्यायची आणि परत जायची. हे आख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं, कारण कानामुळे भाऊंचा फोन कायम स्पीकरवर असतो.

२०१६ साली वापीच्या एका मोठ्या क्लायंटने अट घातली: काम अजाइल पद्धतीने व्हायला हवं. म्हणजे सहा महिन्यांनी सगळं एकदम पुढ्यात न ठेवता दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं काम दाखवायचं, रोज सकाळी उभ्या उभ्या पाच मिनिटं बोलायचं, आणि त्यासाठी टीमच्या प्रमुखाने रीतसर ट्रेनिंग घ्यायचं. कोण जाणार, असं शेठनी विचारलं. आम्ही पदवीधर मंडळी एकमेकांकडे बघतोय तोवर भाऊ म्हणाले, "मी जातो." आम्ही तोंड फिरवून हसलो. मला तर वाटलं, म्हाताऱ्याला प्रमोशन हवंय.

तीन दिवस मुंबईला राहून भाऊ परत आले ते गप्पच. माझा समज झाला, घसा बसलाय.

"शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं," शेवटी ते म्हणाले, "टीमला हुकूम द्यायचा नाय. विचारायचं. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं. जिथं अडलं असेल तिथला दगड आपण उचलायचा. बस!"

त्या वर्गातल्या इतरांनी हे वहीत लिहून घेतलं असेल. भाऊंनी व्रत घेतलं. आमच्याकडे श्रावणात मासळी सोडतात, तसे त्यांनी हुकूम सोडले. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवलं. वहिनी त्यालाही कुंकू लावायच्या. तोंड आठवड्याभरात वळणावर आलं. हात मात्र ऐकेनात, उठसूट हवेत जायचे. म्हणून भाऊ त्यांच्यावर बसायला लागले.

बरं, व्रत काही ऑफिसपुरतं नव्हतं. एकदा आम्ही दोघं तलासरीला क्लायंटकडे निघालो. रिक्षावाला नवा होता. फाट्यावर त्याने विचारलं, "कुठून घेऊ?" भाऊंनी हात मांडीखाली सारले. "तुला काय वाटतं?" त्याला जे वाटलं त्याने आम्ही थेट गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीला पोचलो. माझ्या मोबाइलने गुजरातेत स्वागत केलं तेव्हा तो बिचारा आपणहून थांबला आणि लोकांना विचारत मागे वळला.

"भाऊ, तुम्हाला रस्ता माहीत होता?" मी चिडून विचारलं.

"व्हता."

"मग?"

"आता त्यालाही माहीत झाला. जल्माचा."

मी कपाळावर हात मारला. पण पुढच्या महिन्यात जे घडलं त्यानंतर मी या माणसावर हसणं सोडलं.

चिकू बागायतदारांच्या संघासाठी आम्ही एक प्रोग्रॅम केला होता. बागेतून निघालेले चिकू आणि गोदामातले चिकू जुळायला हवेत. ते काही केल्या जुळेनात. दुसऱ्या दिवशी दाखवायचं होतं. आम्ही एकमेकांच्या चुका काढत भांडत होतो. शेठ दारातून ओरडले, "हरेशभाय, कायतरी बोल ने!" भाऊ हातांवर बसून राहिले. दहा मिनिटं, वीस, चाळीस. कपाळावर घाम. आम्ही भांडून दमलो, तशी शांतता झाली. त्या शांततेत वाणगावची सुनंदा, जी दोन वर्षांत हो-नाहीच्या पुढे गेली नव्हती, ती हळूच म्हणाली, "डागी चिकू बाजूला काढतात, ते आपण कुठे मोजतो?"

कुठेच मोजत नव्हतो. तासाभरात सगळं जुळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी भाऊंना नंतर विचारलं.

"अंदाज व्हता. मासळीतपण डागी असते ना." मग खाली बघत म्हणाले, "पण ती पोर तीन दिवस तोंड उघडत व्हती नि मिटत व्हती. मी बोललो असतो तर तिचं राहिलंच असतं."

ते उठले तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांवर खुर्चीच्या वेताची जाळी उमटली होती. खरं सांगते, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "भाऊ, आता रोहिणीला घरी बोलवा ना."

"नाय. माझं बोलावणंपण तिला हुकूमच वाटंल," ते म्हणाले. "तिला वाटंल तवा येईल. मी त्यासाठीच तर शिकलो." तेव्हा कुठे मला कळलं, हा माणूस मुंबईला प्रमोशनसाठी गेला नव्हता.

आणखी एक वर्ष गेलं. एका शनिवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे गॅलरीत गोल उभे होतो. उभं राहिल्यावर हातांवर बसता येत नाही, म्हणून भाऊ ते काखेत दाबून धरतात. त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, रोहिणी. या पाच मिनिटांत फोन घ्यायचा नाही, हा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून केलेला. भाऊ आमच्याकडे बघत राहिले.

"भाऊ, उचला," सुनंदा म्हणाली. चक्क हुकूम.

त्यांनी उचलला. "बाबा?" असा आवाज आला. वर्षभर रोज सकाळी जे म्हणत आले तेच भाऊंच्या तोंडून बाहेर पडलं, "काल काय केलंस?"

मी डोळे मिटून घेतले.

पलीकडे रिक्षाचा हॉर्न वाजला. मग, "काल मुलांना शिंपल्यांवर मोजायला शिकवलं."

"आज काय करणार?"

"आज सुट्टी आहे."

"अडलंय कुठं?"

"कोसबाडच्या नाक्यावर," ती म्हणाली. "पिशवी घेऊन उभी आहे. डहाणूच्या दोन रिक्षा सोडल्या. आई म्हणते, तुम्ही बदललात. पण पाय उचलत नाही, बाबा. तुम्ही एकदा 'ये' म्हणा ना."

आम्ही सहा जण सहा दिशांना बघायला लागलो.

"ये," भाऊ म्हणाले. इतकं हळू की तिला ते ऐकूच गेलं नाही. "काय म्हणालात?" ती विचारत राहिली.

तेव्हा काखेतून त्यांचा उजवा हात सुटला. वर गेला, आणि सगळी बोटं स्वतःकडे वळली. पुन्हा, पुन्हा. जाळं ओढायची ती खूण. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात कोसबाडच्या दिशेकडून स्वतःकडे ओढत होता. फोनवर हात दिसत नाही, हे त्यांना आमच्यापैकी कुणीही सांगितलं नाही.

मग त्यांना घसा सापडला. "ये गो बाय, ये!" खाली बर्फ फोडणारे थांबले आणि वर बघायला लागले.