दोन सीटांची गाडी

साळूबा नाना दुखवट्याला गेले तरी बसण्याआधी गादी दाबून बघतात. मूठ वळायची, गादीच्या मधोमध रोवायची, सोडायची, आणि ती किती वेळात वर येते ते बघत राहायचं. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले. माणसं माना खाली घालून बसलेली. नानांनी सोफा दाबला, मयताच्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "फोम हलका हे बाबा. दोन वर्षांत बसंल." तो बिचारा हुंदके देता देता "हो" म्हणाला.

जालन्याच्या मस्तगडात नानांचं गाद्यांचं दुकान होतं. दुकान बंद झालं, मूठ तेवढी चालू राहिली. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. माझ्या घरातल्या एकाही खुर्चीबद्दल त्यांचं मत बरं नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "नाना, मला काही त्रास होत नाही या खुर्चीचा."

"तुमच्या तोंडाला कोण विचारून राह्यलं सर? पाठीला विचारा."

हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की माझी पाठ खरोखरच दुखायला लागली.

गेली दोन वर्षं मात्र हा सगळा छंद एकाच कामाला लागला होता. नानांच्या बायकोच्या, म्हणजे गयाकाकूंच्या मानेचे मणके झिजले. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि दोन गोष्टी बजावल्या. धक्का बसता कामा नये आणि वाकायचं नाही. काकू घरात बसल्या त्या बसल्याच. तिकडे टेंभुर्णीला त्यांचा धाकटा भाऊ नाथा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. मधे एकच भिंत असल्यामुळे मला तो पाठ झालाय.

"काय करून राह्यला रे नाथा?"

"पडलोय आक्का. तू?"

"मी बसलेय."

संपलं. मग दोघंही बराच वेळ फोन नुसते कानाला धरून ठेवायची.

नानांनी हे महिनाभर ऐकलं आणि काकूंना माहेरी न्यायचं ठरवलं. दोन तासांचा रस्ता, त्यात खड्डे. मी सरळ मनाने सुचवलं, अँब्युलन्स करा. त्यावर नाना माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "बाई माहेरी चाललीय सर. अँब्युलन्समधून उतरली तर गाव रडत पुढं येईल."

मग त्यांनी गाडी शोधायला घेतली. लांबलचक, उंच छपराची, आरामाची असते ना, तसली. बघायला जाताना हातात वेळूची एक काठी असायची. काठी नानांपेक्षा हातभर उंच. गाडीत शिरायचं, काठी सरळ उभी करायची. छताला टेकली की "न्हाई चालत" म्हणून खाली उतरायचं. विकणाऱ्याने एसी लावून दाखवावा, गाणी लावून दाखवावीत, नाना काठीच्या टोकाकडे बघत. नाना सव्वापाच फूट, काकू त्याहून बुटक्या. मी विचारलंदेखील, "माहेरी काकूंना न्यायचंय का काठीला?" नाना हसले नाहीत. सातव्या गाडीत काठी मोकळी उभी राहिली आणि ती गाडी आमच्या गल्लीत आली.

आल्या आल्या नानांनी ती आतून रिकामी केली. नऊ सीटा होत्या, सगळ्या काढल्या. टीव्ही काढला, कारण त्याच्याकडे बघायला मान वर करावी लागते. छताला निळे दिवे होते. "आपण काय वरातीला चाललो का?" म्हणून तेही काढले. मग स्वतःच्या हाताने दोनच सीटा बसवल्या. खाली कडक फोम, वर पिंजलेला कापूस, पाय ठेवायला फळी, मानेच्या खाचेत बसेल अशी उशी. सीट खिडकीकडे फिरायची, म्हणजे शेतं बघायला मान वळवायला नको.

"दुसरी सीट कुणाची?" मी विचारलं.

"माझी. भरवशाचा ड्रायव्हर भेटला तर मी मागं बसन, तिच्याजवळ."

तो काही भेटला नाही. परीक्षाच तशी होती. काकूंच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि बायपासपर्यंत जाऊन यायचं. तांब्या धरायचा नाही, पाणी किती सांडलं ते वहीत लिहायचं. ती वही माझ्याकडे. "शाळेसमोर दोन बोटं. पुलाच्या अलीकडे चार बोटं, शिवाय माझी विजार." तीन ड्रायव्हर आले, तिघेही नापास. शेवटी नाना स्वतःच चालवायला बसले आणि रोज संध्याकाळी मी एका तांब्याच्या शेजारी बसून जालना शहर बघू लागलो. ओळखीचे लोक विचारायचे, सर, कुठं? काय सांगणार कपाळ!

एका संध्याकाळी पाण्याचा थेंब सांडला नाही. नानांनी गाडी कडेला घेतली आणि तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं. स्वारी खुशीत होती म्हणून मी पुन्हा काठीचं काढलं. एवढी उंची कोणासाठी?

"आम्ही हसनाबादेत व्हतो ना, तवा नळ नव्हता. गया विहिरीवरून पाणी आणायची. डोक्यावर हंडा, हंड्यावर घागर. बारा माणसांचं घर. तेवढी उंची धरली मी."

"अहो पण आता कुठे घागर आहे त्यांच्या डोक्यावर?"

"मला तशीच दिसती ती," नाना म्हणाले. "मी बाजेवर बसून बघत व्हतो ना सर."

मी वही मिटली. त्यानंतर मी काठीवरून त्यांची चेष्टा केली नाही.

निघालो त्या दिवशी काकू नवं लुगडं नेसून, मानेला पट्टा लावून सीटवर बसल्या. नानांनी विचारलं, कसं वाटून राह्यलं? काकू म्हणाल्या, "एवढं मऊ कशाला केलं, झोप लागंल की." मी पुढे, नानांच्या शेजारी. माझ्या सीटला कापूस लावलेला नव्हता. गाडी अशा वेगाने चालली होती की कापूस वेचायला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे गेला आणि बायांनी आम्हाला हात केला. दोन तासांचा रस्ता आम्ही साडेचार तासांत कापला. काकूंच्या मानेला एक धक्का लागला नाही.

टेंभुर्णीला नाथाच्या अंगणात गाडी लागली. नानांनी स्वतः बनवलेली पायरी ठेवली, काकू उतरल्या, आणि दारापाशी जाऊन थांबल्या. जुनं घर. दाराची चौकट जेमतेम माझ्या छातीला लागेल एवढी. सगळी माणसं वाकूनच आत जातात. नानाही चाळीस वर्षं वाकूनच गेलेले, त्यामुळे त्यांना ती कधी दिसलीच नव्हती. सात गाड्यांत काठी उभी करणारा माणूस या दारात ती घेऊन आला नव्हता.

आतून आवाज आला, "आक्का, आलीस का?"

"आले रे."

"मंग आत ये ना."

काकूंनी चौकटीला हात लावला आणि वाकायला गेल्या. "वाकू नको!" नाना ओरडले. काकू तशाच उभ्या राहिल्या. बहीण दाराच्या बाहेर, भाऊ दाराच्या आत, मधे चार पावलं. नानांचा चेहरा मला बघवेना. दोन वर्षांची मेहनत त्या चार पावलांवर अडकली होती.

मग नानांनी डोळे पुसले आणि तिथल्याच गल्लीतल्या चौघांना हाक मारली. "नाथाला गोधडीत घ्या. बाहेर आणा."

चौघांनी चार टोकं धरून नाथाला बाहेर काढला, गाडीत चढवला. चौघंही आत ताठ उभे राहिले, कोणाचं डोकं छताला लागलं नाही. नानांनी स्वतःची सीट मागे पाडली, नाथाच्या लुळ्या हाताखाली उशी सारली, काकूंची सीट त्याच्याकडे तोंड करून फिरवली आणि त्यांना बसवलं. दार लोटून बाहेर उन्हात उभे राहिले.

आत काकू हसल्या. भिंतीला भिंत लावून राहतो मी, पण गेल्या दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. दुपारची भाकरी दोघांनी आतच खाल्ली. नाना जेवले नाहीत. गाडी बघायला येणाऱ्यांना "हात लावू नका, हलती" म्हणून परतवत राहिले.

उन्हं कलली तसं दार सरकलं. काकू म्हणाल्या, "अहो, किती वेळ उभे राह्यलात? आत या."

"दोनच सीटा हेत."

"मंग खाली बसा की."

नाना चपला काढून आत गेले आणि दोन सीटांच्या मधे, पत्र्यावर बसले. मी दाराशीच होतो. ते खाली बघत म्हणाले, "गया, एक सांगायचं राह्यलं. डॉक्टरनं मला विचारलं व्हतं, हिनं डोक्यावर कधी वजन वाह्यलं का. मी न्हाई म्हनलो. लाज वाटली मला."

"माहीत हे," काकू म्हणाल्या. "मी तिथंच व्हते की, पडद्यामागं."

काकूंनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "जरा सरकून बसा. नाथाचा पाय अडकून राह्यला."