गजभिये काकांची तपासणी

समस्त नागपूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या कॉलनीत शिरताना आधार कार्ड नसलं तरी चालेल; तळहात मात्र पाहिजेत. फाटकाशी खुर्ची टाकून गजभिये काका बसलेले असतात. आयुष्यभर त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली. आता प्रवासी राहिले नाहीत, म्हणून आम्ही आहोत.

"दाखवा!" ते म्हणतात. आपण दोन्ही हात पुढे करायचे. काका चष्मा कपाळावर चढवून तळवे बघतात, मनगटं उलटसुलट करतात आणि मग सोडतात, "चला, पुढं सरका!" दूधवाला, कुरियरवाला, माझे सासरे, कोणाचीही सुटका नाही.

हे वेड जनावरांच्या डॉक्टरांनी लावलं. फाटकाशी काकांच्या खुर्चीखाली एक म्हातारी तपकिरी कुत्री असते; रात्री ती त्यांच्याच घरी झोपते. तिचं नाव मॅडम, आणि काका तिला अहोजाहो करतात. "मॅडम, आज भाजीत तिखट जास्त झालं ना?" असं त्यांचं सकाळ-संध्याकाळ चालतं. तर मॅडमच्या कानातले गोचीड दाखवायला काका गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की या किड्यांच्या अंगात बारीक जंतू असू शकतात. माणसाला बाधले तर ताप, डोकेदुखी, मग मनगटांवर, घोट्यांवर, अगदी तळव्यांवरसुद्धा लाल पुरळ. वेळेवर गोळ्या घेतल्या तर माणूस बरा होतो, दुखणं अंगावर काढलं तर जिवावर बेततं.

झालं! काकांना पुन्हा नोकरी लागली.

एकदा आमच्या अध्यक्षा धोटेबाईंची नणंद खाप्याहून आली. काकांनी तिचा हात धरला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "एकदम साफ आहे. काही धोका नाही." बाई गहिवरल्या. "अन् पोरीचं कसं आहे, महाराज? लग्न जमून नाही राहिलं." काका म्हणाले, "तिले पण आणा, पाहून देतो." दुसऱ्या दिवशी बाई लेक आणि नारळ, दोन्ही घेऊन हजर!

धोटेबाई भडकल्या. त्याच रविवारी सभेत त्यांनी ठणकावलं, "पाहा काका, कॉलनीत एकाले जरी तो गोचीड-ताप आला ना, त तुमची मॅडम कळमेश्वरले, माझ्या भावाच्या शेतावर. चालन?"

"चालन," काका म्हणाले. पण आवाज तिकीट हरवलेल्या माणसाचा होता.

त्या दिवसापासून काका रोज सकाळी मॅडमला मांडीशी घेऊन एकेक गोचीड बोटांनी काढायचे आणि नखानं चिरडायचे. मी ओरडले, "काका, चिमटा घ्या! हातमोजे तरी घाला!"

"चिमट्यानं मॅडमले दुखते वं, ताई."

पुढे मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम हवा फेकत असताना, काका फाटकाशी बसलेले दिसले. डोक्याला कानटोपी. हातात लोकरीचे मोजे.

"काहून गा काका?" धोटेबाईंनी विचारलं.

"थंडी वाजून राहिली."

नागपुरात! मे महिन्यात! शिवाय आम्ही दोघी समोर उभ्या होतो आणि काकांनी आमचे हात मागितलेच नव्हते. धोटेबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दाखवा!"

काकांनी हात पाठीमागे नेले, अगदी विनातिकीट प्रवाशासारखे. बाईंनी मोजा ओढला. तळवा लाल ठिपक्यांनी भरला होता, आणि हात तव्यासारखा तापला होता.

ऑटोत घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं झालं, आजच गोळ्या सुरू करू. एवढं ऐकून धोटेबाईंचा धीर परत आला आणि धीराबरोबर रागही.

"काहून लपवलं? मेले असते ना! त्या कुत्रीसाठी?"

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिकडेच बघत म्हणाले, "मॅडम गेल्या, त घरी मी बोलू कोनासंग?"

धोटेबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि सगळा दवाखाना वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या, "कुठं नाही जात तुमची मॅडम! अन् आम्ही काय मेलो का गा?"