अण्णांचा बंद माइक

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता नव्या पेठेतले साडीचे व्यापारी मल्लिनाथअण्णा, वय बासष्ट, गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "अय्यो, मी मेलो की. उचला कुणीतरी." समोरच्या गिऱ्हाईक बाईंच्या हातून पाण्याचा पेला निसटला. नोकराने धावत येऊन अण्णांची नाडी धरली. अण्णांनी हात झटकला. त्यांचे डोळे मोबाइलवर होते.

मी शेजारी चहा घेत होतो. अण्णा अनोळखी लोकांबरोबर चौघांच्या टीमने लढायचा खेळ खेळतात, हे मला सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. तरी मीही कप खाली ठेवून उठलो.

खेळात अण्णा बंदूक चालवत नाहीत. पडलेल्यांना मलमपट्टी करून उठवायचं, एवढंच काम घेतात. कारण विचारलं की दुकानाचं उदाहरण देतात. एक जण दारात उभा राहून गिऱ्हाईक बोलावतो, एक साड्या उलगडतो, एक घड्या घालतो. "लढाईत सगळेच उलगडणारे. घडी घालणारा नको का?" टीममधली पोरं त्यांना ज्या शिव्या देतात, त्या छापण्याजोग्या नाहीत. अण्णा ऐकून घेतात आणि पुढच्या जखमीकडे जातात. एकदा तर शत्रूकडेच निघाले होते. "पडलाय की बिचारा," म्हणाले.

त्यांचा माइक मात्र कायम बंद. खेळातलं नाव 'नागपूरकर'. अण्णा नागपूरला कधी गेलेले नाहीत. मंगळवारपर्यंत मी याला विक्षिप्तपणा समजत होतो.

त्या दिवशी गडबडीत अंगठा लागून माइक चालू झाला होता. ते ध्यानात येताच अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माइक बंद केला आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरचं दुकान त्यांच्या धाकट्या भावाचं, शिवशरणचं. वडील गेल्यावर गादीवर कोणी बसायचं, यावरून दोघे वेगळे झाले. अकरा वर्षं बोलणं नाही. शिवशरणही मोबाइल धरून बसला होता आणि मान वर करून इकडेच बघत होता.

"आमच्या टीमचा पुढं पळणारा त्योच हाय," अण्णा म्हणाले. दोन्ही दुकानांना चहा देणाऱ्याकडून त्यांनी भावाचं खेळातलं नाव काढून घेतलं होतं आणि खोट्या नावाने त्याच्या टीममध्ये शिरले होते. "लहानपणापासून मागं न बघता पळतोय. पाठीशी कुणीतरी पायजे की. आता आवाज वळखला त्यानं. काढून टाकतोय बघा मला."

पडद्यावर अण्णांचा शिपाई उघड्या माळावर पडला होता. वीस सेकंदांत कुणी उठवलं नाही, तर तो खेळातून बाद होणार होता. शिवशरणचा शिपाई पूल ओलांडून सुरक्षित जागी पोचला होता. तो कोणासाठीही परत फिरत नाही, हे अण्णांनीच मला पूर्वी सांगितलं होतं.

तो परत फिरला. पूल ओलांडून माळावर आला आणि अण्णांजवळ गुडघ्यावर बसला. अण्णांनी हेडफोनची एक वायर माझ्या कानाला लावली. घरच्या कन्नडात आवाज आला, "अण्णा, हलू नको. पट्टी बांधतोय."

माळावर दोघेही गोळ्यांच्या टप्प्यात होते. तीन वाजून एकोणीस मिनिटांनी टीम हरली. उरलेल्या दोघा अनोळखी पोरांनी दोन्ही भावांना शिव्या घातल्या आणि ते निघून गेले. अण्णा मोबाइल मांडीवर ठेवून बसून राहिले.

तीन वाजून बावीस मिनिटांनी पुढच्या मॅचचं बोलावणं आलं. ते शिवशरणच्या मोबाइलवरून होतं.