फौजदाराचा शेड नंबर

पांडुरंगाला कुणी काही सांभाळायला दिलं आणि तो ‘एवढंच ना?’ म्हणाला नाही, असं गोडादऱ्याच्या त्या गल्लीत कधी घडलं नव्हतं. पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये तो रंगमास्तर होता. रोज हजारो मीटर कापडाचा रंग ज्याच्या नजरेवर ठरतो, त्याला बोटभर मासा काय जड जाणार!

मासा शेजारच्या पुष्पाबाईंचा. लाल, झुपकेदार शेपटीचा, फायटर जातीचा नर. काचेच्या पेटीत एकटाच राहायचा आणि नुसतं बोट दाखवलं तरी कल्ले फुगवून अंगावर यायचा, म्हणून त्याचं नाव फौजदार. शहाण्णव सालच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला अमळनेरला निघताना बाईंनी पेटी पांडुरंगाच्या हवाली केली. आदल्या वर्षी त्याची बायको योगिता टायफॉइडनं महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण याच बाईंच्या घरून आलं होतं. त्यांनी ते एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. आज पहिल्यांदाच त्या काहीतरी मागत होत्या. उपकार फेडायची संधी आपल्या पायांनी घरी चालत आली, असं पांडुरंगाला झालं.

उत्साहाच्या भरात त्यानं पेटी ठेवली ती थेट कपाटाच्या मोठ्या आरशासमोर. एकाचे दोन फौजदार दिसू लागले! मासा दिवसभर कल्ले फुगवून, शेपूट पसरून आरशासमोर फेऱ्या मारी आणि कामावरून आलेला पांडुरंग खुर्ची टाकून बघत बसे. आपल्याकडे आल्यापासून माशाचा रुबाब वाढला, असं त्यानं गल्लीत चार जणांना सांगूनही टाकलं.

चौथ्या दिवशी फौजदार तळाशी बसलेला. शेपूट मिटलेली, आणि रंग तर पार विटलेला. दाण्यांकडे तो ढुंकूनही बघेना.

दुसऱ्या कुणाला मासा आजारी वाटला असता. रंगमास्तराला तो कच्च्या रंगाचा वाटला. दुकानदारानं बाईंना फसवलं, असा निकाल देऊन त्यानं पांढऱ्या कापडाची चिंधी पाण्यात बुडवून पाहिली. ती पांढरीच निघाली. मग रंग गेला तरी कुठे? नव्या लुगड्याचा रंग टिकावा म्हणून ते मिठाच्या पाण्यात भिजवतात, हे आठवून त्यानं मूठभर मीठ उचललं. चिमूटभर पडलं असेल-नसेल, तोच योगितानं मनगट धरलं.

“मासा शे तो, लुगडं नई.”

तेव्हा कुठे मासा दगावेल, हे पांडुरंगाच्या ध्यानात आलं. फौजदार मेला तरी बाई एक शब्द बोलणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तेच तर सोसणार नव्हतं. ठरलं, वेळ पडलीच तर हुबेहूब दुसरा फौजदार हाताशी हवा.

मिलचं शेडकार्ड, म्हणजे नंबर घातलेल्या रंगछटांचा पुठ्ठा, काखोटीला मारून तो चौकबाजारातल्या एका दुकानात हजर झाला. फौजदाराचा मूळ रंग त्याच्या डोळ्यांत पक्का होता, कार्डावर त्यानं नंबरही काढून ठेवला होता. ट्यूबलाइटखाली रंग दगा देतो, तेव्हा मासे उन्हात दाखवा म्हणाला. दुकानदारानं एकेक मासा असलेल्या चौदा बाटल्या बाहेर फुटपाथवर मांडल्या. पांडुरंग उकिडवा बसून एकेका बाटलीशेजारी कार्ड धरी आणि मान हलवी. हा पिवळ्याकडे झुकतो, त्याला निळी झाक आहे. बघ्यांची गर्दी जमली.

“काका, माछली लेवी छे के ब्लाउझपीस?” दुकानदारानं शेवटी गुजरातीत विचारलं.

अकराव्या बाटलीवर शेड तंतोतंत जुळली. मासा पिशवीत भरता भरता दुकानदारानं सगळी हकिगत ऐकली आणि एकच प्रश्न केला, पेटीजवळ आरसा आहे का? फायटरला आरशात दुसरा नर दिसतो. तो बिचारा चार दिवस स्वतःशीच लढून थकला होता.

पांडुरंगानं धावत घरी येऊन आरशावर चादर टाकली. दोन दिवसांत फौजदार दाणे टिपू लागला, आठवड्यात रंग पहिल्यासारखा चढला. योगितानं देवापुढे साखर ठेवली. नवा मासा बरणीत खुशाल होता.

बाई येणार त्या सकाळी योगितानं पेटी आणि बरणी दोन्ही घासायला काढल्या. दोन मासे दोन पातेल्यांत ठेवले. पातेली लग्नात आलेली, एकाच मापाची. पांडुरंगानं चहासाठी स्टोव्ह पुढे ओढताना ती इकडची तिकडे केली. योगितानं विचारलं, आता यातला फौजदार कोणता? त्यानं घाईघाईनं शेडकार्ड धरलं. दोघांचा नंबर एकच! सोळा वर्षांच्या नोकरीत इतकं अचूक काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात लग्नाचे लाडू घेऊन पुष्पाबाई दारात. पांडुरंगानं आरशापासून पातेल्यापर्यंत सगळं एका दमात कबूल केलं. बाईंनी दोन्ही पातेल्यांवर बोट धरून पाहिलं. दोन्ही मासे सारख्याच रागानं फुगले. त्यांनाही ओळखता येईना.

“मावशी, एवढंसं काम बी माले जमनं नई,” तो मान खाली घालून म्हणाला.

बाई हसायला लागल्या. आपल्या एका माशापायी हा भर उन्हात रस्त्यावर उकिडवा बसला होता, हे त्यांनी योगिताला दोनदा विचारून घेतलं, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. मग एक पातेलं उचललं आणि दुसरं त्याच्याकडे सरकवलं.

“हाऊ तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. फौजदार आठे ऱ्हावो का तठे, घर एकच शे.”

पांडुरंगानं वाकून नमस्कार केला. उपकार फेडायला निघालेला माणूस आणखी एक उपकार घेऊन बसला होता, आणि ह्या उपकाराला आता रोज सकाळ-संध्याकाळ दाणे घालायचे होते.